श्रीमंत देशातील गरिबी आणि आपल्याकडील गरिबी : तुलना कशी करावी

अर्थशास्त्राचे प्रकल्प तपासताना अलीकडे एका वहीच्या पहिल्याच पानावर मला असा तक्ता दिसला : अमेरिकेत २०२३ साली गरीब ११.१ टक्के, भारतात २०२२-२३ साली गरीब ५.३ टक्के. त्याखाली विद्यार्थ्याने निष्कर्षही लिहून टाकला होता की अमेरिकेत आपल्यापेक्षा दुपटीने गरिबी आहे. गंमत अशी की दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला अमेरिकेच्या जनगणना विभागाचा आहे, दुसरा जागतिक बँकेचा. परंतु एकाचे वजन शेरात आणि दुसऱ्याचे किलोत लिहून जड कोण ते ठरवावे, तसा तो प्रकार झाला होता. नाशिकमध्ये राहून हा विषय हाताळणारे विद्यार्थी, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे उमेदवार आणि संस्थांचे कार्यकर्ते यांच्या उपयोगी पडावी म्हणून ही रीत लिहीत आहे.

आधी रेषा कोणाची ते पाहा

कोणताही आकडा वहीत उतरवताना त्याच्या शेजारी तीन गोष्टी लिहाव्यात : दारिद्र्यरेषा कोणी आखली, कोणत्या वर्षाच्या किमतींवर आखली आणि कशाच्या आधारे आखली. अमेरिकेची सरकारी रेषा मॉली ओर्शान्स्की यांनी १९६३-६४ मध्ये मांडलेल्या हिशेबावरून आली. तेथील कुटुंब त्या काळी उत्पन्नाचा साधारण तिसरा हिस्सा अन्नावर खर्च करीत असे, म्हणून काटकसरीच्या आहाराचा खर्च काढून त्याची तिप्पट केली गेली. १९६९ साली या हिशेबाला सरकारी मान्यता मिळाली आणि पुढे महागाईप्रमाणे आकडा वाढत गेला, पण पाया तोच राहिला. आपल्याकडेही सुरुवात पोटापासूनच झाली. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली उष्मांकांच्या आधारे गरिबी मोजली, तर १९७९ च्या, नियोजन आयोगाच्या अलघ कार्यगटाने ग्रामीण भागासाठी माणशी रोज २,४०० आणि शहरी भागासाठी २,१०० उष्मांक धरले. त्यानंतर समित्या बदलल्या तशा रेषाही बदलल्या. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साठी माणशी महिना ग्रामीण भागात ८१६ आणि शहरी भागात १,००० रुपये अशी रेषा निघाली व देशातील २१.९ टक्के लोक गरीब ठरले. रंगराजन समितीने त्याच वर्षासाठी ९७२ आणि १,४०७ रुपये धरले, तेव्हा प्रमाण २९.५ टक्क्यांवर गेले. देश तोच, वर्ष तेच आणि माणसेही तीच होती.

युरोपीय संघाची रीत याहून निराळी आहे. सर्व लोकांना उत्पन्नाप्रमाणे ओळीने उभे केले तर बरोबर मध्यावर उभ्या असलेल्या माणसाचे जे उत्पन्न असेल, त्याच्या ६० टक्क्यांच्या खाली जो असेल त्याला तेथे गरिबीच्या छायेत धरतात. ही सापेक्ष रेषा आहे; देश श्रीमंत होईल तशी ती वर सरकते आणि मंदी आली की खाली येते. ब्रिटनमध्ये २०१०-११ साली मधल्या माणसाचेच उत्पन्न घसरले, त्यामुळे कोणाच्याही ताटात काही जास्त पडले नसताना सापेक्ष गरिबीचे प्रमाण कमी झालेले दिसले. अशी रेषा वाईट नव्हे, पण तिने मोजलेला आकडा उष्मांकांवर आखलेल्या रेषेच्या आकड्यासमोर ठेवता येत नाही.

वहीतील तक्त्याचे काय बिनसले ते आता ध्यानात येईल. भारताचा ५.३ टक्के हा आकडा माणशी रोज ३ डॉलर या रेषेचा आहे, जी जागतिक बँकेने जून २०२५ मध्ये जाहीर केली. त्याच वर्षाच्या कुटुंबखर्चाच्या पाहणीवर त्याच बँकेची ४.२० डॉलरची रेषा लावली की प्रमाण २३.९ टक्के होते. अमेरिकेची रेषा मात्र याहून कितीतरी वर आहे. किती वर, ते पुढे पाहू.

डॉलरचे रुपये करताना

येथे सर्वांत जास्त चुका होतात. तीन डॉलर म्हटले की विद्यार्थी मोबाइलवर त्या दिवसाचा विनिमय दर पाहतो, गुणाकार करतो आणि अडीचशेच्या वर रुपये काढून मोकळा होतो. जागतिक बँकेचा हा डॉलर बाजारातील डॉलर नाही. क्रयशक्तीच्या समानतेवर, म्हणजे तेवढ्याच वस्तू व सेवा त्या देशात किती रकमेला मिळतात यावर, तो बेतलेला असतो. २०१७ साली बाजारात एका डॉलरला ६५.१२ रुपये पडत होते, तर क्रयशक्तीच्या हिशेबाने २०.६५ रुपये. त्या वर्षाच्या किमतींवरील २.१५ डॉलरची रेषा बाजारभावाने १४० रुपये दिसते, प्रत्यक्षात ती ४४ रुपयांच्या आसपास होती. केस कापणे, रिक्षा, भाजी, घरकाम या गोष्टी आपल्याकडे माणसाच्या स्वस्त श्रमावर चालतात, म्हणून हे अंतर पडते. पेट्रोल किंवा मोबाइल घेताना ते जवळजवळ नाहीसे होते, हेही लक्षात ठेवावे.

आता अमेरिकेकडे वळू. तेथील २०२४ ची सरकारी मार्गदर्शक रेषा चौघांच्या कुटुंबासाठी वर्षाला ३१,२०० डॉलर होती, म्हणजे माणशी रोज २१ डॉलरच्या वर. किमतींच्या वर्षांतील फरक वजा केला तरी ती जागतिक बँकेच्या ३ डॉलरच्या रेषेच्या सहा पटींच्या घरात जाते. एकट्या माणसासाठी ती १५,०६० डॉलर, म्हणजे दिवसाला ४१ डॉलर होती. आपल्याकडे पिवळ्या शिधापत्रिकेसाठी संपूर्ण कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १५,००० रुपये ठरवली गेली होती. भागून पाहिले तर दिवसाला ४१ रुपये निघतात. हा निव्वळ योगायोग आहे आणि त्यावर निबंध लिहू नये, परंतु वर्गात रेषांचा विषय शिकवताना मी हे दोन आकडे फळ्यावर मुद्दाम शेजारी लिहितो.

मिळकत विचारावी की खर्च

अमेरिकेत मिळकत मोजतात, भारतात खर्च. कारण समजून घ्यायचे असेल तर द्राक्षछाटणीच्या दिवसांत सकाळी नाशिकजवळच्या गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात जावे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या भागांतून आलेली माणसे फडक्यात भाकरी बांधून उभी असतात, शेतकरी गाडी घेऊन येतात, रोजाची घासाघीस होते आणि तासाभरात रस्ता रिकामा होतो. मी विद्यार्थ्यांना घेऊन गेलो तेव्हा एकाने प्रश्नावलीप्रमाणे एका बाईंना विचारले, ‘‘मावशी, महिन्याचे उत्पन्न किती?’’ त्या म्हणाल्या, ‘‘महिन्याचं नका विचारू दादा. आज उभी राहिले, कुणी नेलं तर आजचे.’’ अशा ठिकाणी मिळकतीचा रकाना भरला तरी तो खोटाच असतो. त्याऐवजी गेल्या सात दिवसांत किती दिवस काम मिळाले, दुकानातून काय आणले आणि घरची नागली (नाचणी) किती दिवस पुरली, असे विचारावे. घरच्या धान्याची किंमत हिशेबात धरावी लागते, नाहीतर डोंगरातले कुटुंब आहे त्याहून गरीब दिसते. किती दिवसांचे विचारले यावरही उत्तर बदलते : तेल-भाजीचा खर्च महिन्याभराचा विचारला तर माणूस विसरतो, आठवड्याचा विचारला तर जास्त निघतो.

सरकारी मदत मोजली की नाही, हेही याच टप्प्यावर तपासावे. अमेरिकेच्या जुन्या मोजणीत फक्त करपूर्व रोख मिळकत धरतात. अन्नासाठी मिळणारी मदत आणि करातील सवलत तिच्यात येत नाही. ती धरणारी दुसरी, पूरक मोजणी तेथे आहे. तिच्याप्रमाणे मुलांच्या गरिबीचे प्रमाण २०२१ साली ५.२ टक्क्यांवर आले होते, कारण त्या वर्षी मुलांसाठीची करसवलत वाढवली होती. ती वाढ संपताच २०२२ साली प्रमाण १२.४ टक्क्यांवर गेले. आपल्याकडील पाहणी वापरतानाही रेशनचे फुकट धान्य धरलेला आकडा कोणता आणि न धरलेला कोणता, हे पाहून घ्यावे.

छपराचा हिशेब

शब्द एकच असला तरी मोजलेली गोष्ट एकच असेल असे नाही, याचे बेघरपणाइतके ठळक उदाहरण मला सापडलेले नाही. अमेरिकेत जानेवारी २०२४ मधील एका रात्रीच्या मोजणीत ७,७१,४८० बेघर आढळले, म्हणजे दर दहा हजारांत सुमारे २३. भारताच्या २०११ च्या जनगणनेत बेघर १७.७ लाख होते, म्हणजे दर दहा हजारांत १५ च्या आत. भारतात बेघर कमी, असे कोणीही म्हणेल. पण अमेरिकेच्या मोजणीत निवारागृहात पलंगावर झोपलेला माणूसही येतो, आणि माणसाने राहावे अशा नसलेल्या कोणत्याही जागी रात्र काढणाराही येतो. आपल्या जनगणनेने बेघर धरले ते उघड्यावर, पदपथावर, पुलाखाली, फलाटावर झोपणाऱ्यांना. गोदाघाटावर रात्री अंथरूण टाकणारा त्यात मोजला जातो. कुडाच्या भिंती आणि वर प्लास्टिकचा कागद अशा झोपडीत संसार करणाऱ्या कुटुंबाला मात्र घर आहे असेच धरले जाते. म्हणून अशा आकड्यांसोबत व्याख्येचे एक वाक्य लिहिलेच पाहिजे. ते लिहायला जागा नसेल तर आकडाही लिहू नये.

कशावाचून अडते ते विचारा

‘त्यांच्याकडे मोटार आहे, ते कसले गरीब?’ हा प्रश्न चर्चेत हमखास येतो. ज्या गावात बस येत नाही आणि कामाची जागा वीस मैलांवर आहे, तेथे मोटार बंद पडली की नोकरी जाते. आपल्या मजुराच्या हातातील मोबाइलवरही लोक असेच बोट ठेवतात. मुकादमाचा फोन त्यावरच येतो, हे ते विसरतात. म्हणून वस्तूंची यादी करू नये, दोन्हीकडच्या माणसाला कशावाचून अडते ते लिहावे. निफाडला पारा उतरतो तेव्हा शेकोटीवर भागते. ब्रिटनमध्ये अनेक गरीब घरांत आगाऊ पैसे भरायचा वीजमीटर असतो, आणि पैसे संपले की ऐन थंडीत खोली गार पडते. उलट तेथील आजारी माणसाला सरकारी दवाखान्यात उपचारांचे पैसे द्यावे लागत नाहीत. आपल्याकडे एका आजारपणात शेळ्या विकल्या जातात.

चारचौघांत वावरण्याचा खर्चही याच यादीत येतो. ॲडम स्मिथने १७७६ सालीच लिहून ठेवले आहे की युरोपच्या बहुतेक भागांत साध्या मजुरालाही लिननचा सदरा नसेल तर लोकांत जायची लाज वाटेल. अमर्त्य सेन यांनी हाच धागा पुढे नेला : समाज श्रीमंत असेल तर मान राखून जगायला पैसाही जास्त लागतो, म्हणून पैशाची सापेक्ष कमतरता जगण्याची निरपेक्ष कमतरता ठरू शकते. तिकडे शाळेच्या सहलीचे पैसे, इकडे भाच्याच्या लग्नातला आहेर. दोन्ही खर्च आपापल्या रकान्यात असावेत.

सेन यांनी वापरलेले एक उदाहरण मात्र दोन्ही बाजू एकाच मापाने मोजते. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील कृष्णवर्णीय पुरुष ६५ वर्षांपर्यंत जगण्याची शक्यता बांगलादेशातील पुरुषांपेक्षा कमी आहे, असे १९९० साली एका वैद्यकीय नियतकालिकातील लेखाने दाखवले होते. आयुष्याची वर्षे डॉलरमध्ये बदलावी लागत नाहीत. बालमृत्यू, उंची-वजन, शाळेची वर्षे ही मापेही तशीच कामाला येतात. बहुआयामी गरिबीचा निर्देशांक, म्हणजे पैशाऐवजी आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान यांतील उणिवांवरून काढलेले माप, मात्र येथे पुरेसा नाही. नीती आयोगाच्या १२ निकषांनुसार भारतातील प्रमाण २०१५-१६ च्या २४.८५ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये १४.९६ टक्क्यांवर आले, हे आपल्यापुरते उपयोगाचे आहे. पण शौचालय, वीज, स्वयंपाकाचे इंधन हे निकष श्रीमंत देशाला लावले तर जवळजवळ सगळेच उत्तीर्ण होतात.

तक्ता भरताना दोन्ही देशांची राष्ट्रीय रेषा एकाच रकान्यात कधीही टाकू नये. एक रकाना जागतिक रेषेचा, एक ज्याच्या त्याच्या देशाच्या रेषेचा आणि बाकीचे अन्न, छप्पर, औषध, प्रवास, कर्ज यांचे ठेवावेत. ज्या रकान्याला जुळणारा आकडा मिळत नाही तो कोरा सोडावा; ओढूनताणून भरलेल्या रकान्यापेक्षा परीक्षकाला कोरा रकाना परवडतो.

गिरणाऱ्याच्या त्या बाईंनी आम्हाला उलट विचारले होते, ‘‘तिकडच्या गरिबाला रोज किती पडतो?’’ विद्यार्थ्याने सांगितले की तिथल्या केंद्रीय कायद्याने २००९ पासून तासाला किमान ७.२५ डॉलर द्यावे लागतात, आणि क्रयशक्तीच्या वरच्याच दराने आठ तासांचे सुमारे १,२०० रुपये काढून दाखवले. बाईंनी आकडा ऐकला, गाडीत चढता चढता विचारले, ‘‘मग त्याला शेतावर न्यायला गाडी कोण धाडतं? अन् राहायचं भाडं?’’ परतीच्या एसटीत त्या विद्यार्थ्याने वही उघडली आणि तक्त्यात प्रवास व घरभाडे असे दोन रकाने वाढवले.