क्रेडिट युनियनकडे कार्डची थकबाकी नेण्याआधी

अमेरिकेतल्या मराठी घरात क्रेडिट कार्डवर थकबाकी साचायला उधळपट्टीच लागते असं नाही. डिसेंबरात चौघांची मुंबईची तिकिटं कार्डवर निघतात, परत आल्यावर गाडीचं ट्रान्समिशन जातं, आणि त्या महिन्यापासून पूर्ण बिल भरणं जमेनासं होतं. बँकेच्या कार्डचा दर २४ टक्के असेल तर ८,००० डॉलरवर महिन्याला सुमारे १६० डॉलर नुसतं व्याज जातं. ही थकबाकी क्रेडिट युनियनच्या, म्हणजे सभासदांच्याच मालकीच्या पतसंस्थेच्या, कार्डवर नेता येते आणि बरेचदा न्यावीच. ट्रान्सफरचा फॉर्म दहा मिनिटांत भरून होतो, पण फायदा किती होणार हे त्याआधीच्या तयारीवर ठरतं.

सुरुवात जुन्या कार्डच्या ताज्या स्टेटमेंटपासून करा आणि ते शेवटच्या पानापर्यंत वाचा. व्याजाच्या हिशोबाचा एक तक्ता बहुधा शेवटी असतो. खरेदी, कॅश ॲडव्हान्स (कार्डवर काढलेली रोकड), आधीचं बॅलन्स ट्रान्सफर (दुसऱ्या कार्डवरून आणलेली थकबाकी), प्रत्येकाचा दर वेगळा आणि त्या दराने किती रकमेवर व्याज लागलं तेही तिथेच दिसतं. दुसरी बघायची चौकट मिनिमम पेमेंटच्या इशाऱ्याची. फक्त मिनिमम भरत राहिलात तर कर्ज फिटायला किती वर्षं लागतील आणि तीन वर्षांत फेडायचं तर दरमहा किती भरावे लागतील, हे त्यात छापलेलं असतं. २००९ च्या कार्ड ॲक्टने ते बंधनकारक केलं. हा तीन वर्षांचा आकडा वहीत लिहून ठेवा. पुढची सगळी तुलना त्याच्याशी करायची आहे.

त्याच स्टेटमेंटमध्ये एखादी वादातली रक्कम असेल, म्हणजे न मिळालेली वस्तू किंवा रद्द केलेलं हॉटेल, तर आधी ती तक्रार मार्गी लावा. सदोष माल किंवा सेवेसाठी पैसे अडवून धरायचा कायदेशीर हक्क त्या व्यवहाराची जी रक्कम अजून फेडायची बाकी आहे, तेवढ्यापुरताच असतो. थकबाकी दुसरीकडे नेली की जुन्या कार्डच्या हिशोबात ती फिटली.

आता मुख्य निवड. थकबाकी आणली तर पहिले काही महिने ० टक्के व्याज, अशा जाहिरातीकडे लोक बघतात, मी मात्र सवलत संपल्यानंतरचा दर आधी बघायला सांगेन. ज्यांच्या नावात ‘फेडरल क्रेडिट युनियन’ आहे त्यांना क्रेडिट कार्डावर १८ टक्क्यांपेक्षा जास्त दर लावता येत नाही. ही मर्यादा १९८७ पासून चालत आली आहे. राज्याच्या परवान्यावर चालणाऱ्या क्रेडिट युनियनना त्या त्या राज्याचे नियम लागू होतात, म्हणून नाव नीट वाचा. बँकेच्या कार्डवर १२ महिने ० टक्के मिळाले आणि तेराव्या महिन्यात दर पुन्हा २४ वर गेला, तर उरलेल्या रकमेचं दुखणं जिथल्या तिथेच राहतं.

वहीत हिशोब मांडून बघा. ८,००० डॉलर तीन वर्षांत फेडायचे असतील तर २४ टक्क्यांनी हप्ता साधारण ३१४ डॉलर आणि एकूण व्याज ३,३०० च्या आसपास. क्रेडिट युनियनच्या कार्डचा दर समजा १० टक्के असेल, तर हप्ता २५८ आणि व्याज १,३०० च्या आत. दोन हजार डॉलर वाचले, तेही कुठल्याही शून्याच्या जाहिरातीशिवाय. उलट तुम्ही खात्रीने वर्षभरात फेडणार असाल तर ३ टक्के ट्रान्सफर फी धरून ८,२४० डॉलर होतात, महिन्याला ६८७. हा हप्ता घरभाडं, डे-केअर आणि भारतात पाठवायचे पैसे वजा करून खरोखर बसत असेल तरच ० टक्क्यांच्या वाटेला जा. काही क्रेडिट युनियन ट्रान्सफर फी घेतच नाहीत, काही फक्त खातं उघडल्यापासून ठरावीक दिवसांत घेत नाहीत. हे फोन करून विचारून घ्या.

आपल्याकडची पगारदार नोकरांची पतसंस्था ज्यांना ठाऊक आहे त्यांना क्रेडिट युनियन परकी वाटणार नाही. सभासदांचीच मालकी, सभासदांच्या ठेवींतून सभासदांना कर्ज. हे नातं नुसतं वरवरचं नाही. बॉस्टनचे व्यापारी एडवर्ड फायलीन १९०७ मध्ये भारतात आले, इथल्या खेड्यांतली सहकारी पतव्यवस्था त्यांनी पाहिली आणि परत गेल्यावर अमेरिकेत क्रेडिट युनियनची चळवळ उभी करण्यात पुढाकार घेतला. मॅसॅच्युसेट्सचा क्रेडिट युनियन कायदा १९०९ चा. मला या गोष्टीचं फार अप्रूप आहे.

सभासद असल्याशिवाय कार्ड मिळत नाही. तुमची कंपनी, विद्यापीठ, राहता काउंटी किंवा आधीपासून सभासद असलेला घरचा माणूस, यांपैकी कशातून तुम्ही बसता ते तपासा. सभासद होताना एक बचत खातं उघडून त्यात बहुधा ५ डॉलर ठेवावे लागतात. तो तुमचा शेअर. ड्रायव्हिंग लायसन्स, सोशल सिक्युरिटी नंबर, पत्त्यासाठी विजेचं बिल किंवा घराचं लीज आणि ताज्या पे-स्टब एका फोल्डरमध्ये ठेवा. एच-वन-बी वर असाल तर व्हिसाची कोणती कागदपत्रं लागतील हे शाखेत आधीच विचारा.

अर्जाआधी तिन्ही ब्युरोंचे, म्हणजे तुमच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांचे, क्रेडिट रिपोर्ट बघा. इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन यांचे रिपोर्ट ॲन्युअलक्रेडिटरिपोर्ट डॉट कॉमवर मोफत मिळतात. नावाच्या स्पेलिंगमध्ये किंवा जुन्या पत्त्यात गोंधळ असेल तर आधी दुरुस्त करून घ्या. मधल्या नावाच्या जागी वडिलांचं नाव लावणाऱ्या आपल्या लोकांच्या रिपोर्टमध्ये हा घोळ होऊ शकतो. घराच्या मॉर्गेजचं क्लोजिंग तोंडावर असेल तर नवीन कार्डचा अर्ज ते होईपर्यंत थांबवा, कारण अर्जाची चौकशी रिपोर्टवर नोंदली जाते.

कराराचा मसुदा हातात आला की एक कलम शोधाच. क्रेडिट युनियनच्या बऱ्याच कार्ड करारांत तुमच्या शेअर खात्यावर, म्हणजे सभासद होताना उघडलेल्या बचत खात्यावर, तारणहक्क असतो. म्हणजे कार्ड थकलं तर तिथल्या बचतीतून पैसे वळते होऊ शकतात. यात घाबरण्यासारखं काही नाही. पण पगार जमा होणारं खातं आणि अडीअडचणीची शिल्लक तिथेच ठेवायची का, हे विचार करून ठरवा.

मंजूर झालेली मर्यादा थकबाकीपेक्षा कमी असू शकते, आणि फी असेल तर तीही त्याच मर्यादेतून जाते. अशा वेळी सगळ्यात महाग दराची रक्कम आधी हलवा. उरलेल्यासाठी त्याच शाखेत पर्सनल लोन विचारा. त्याचा हप्ता ठरलेला असतो, आणि फेडरल क्रेडिट युनियन मुदतीआधी फेडल्याचा दंड घेऊ शकत नाही.

भारतवारीच्या तोंडावर ट्रान्सफर करू नका. नवं कार्ड टपालाने येतं, ट्रान्सफरला कधी दोन-तीन आठवडे लागतात आणि तुम्ही पुण्यात असताना एखादी ड्यू डेट निघून जाते. रक्कम जुन्या बँकेत जमा झालेली डोळ्यांनी दिसेपर्यंत जुन्या कार्डचं पेमेंट चालू ठेवा, ऑटोपे काढू नका. नव्या कार्डवर पहिल्याच दिवशी ऑटोपे लावा, मिनिममपुरतं नव्हे तर वहीतल्या हप्त्याइतकं. पेमेंट ६० दिवस थकलं तर सवलतीचा दर काढून घेता येतो. नव्या कार्डवर खरेदी करू नका. थकबाकी पुढे ओढली जात असताना बहुतेक कार्डांवर खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, किराण्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

जुन्या कार्डवर शून्य दिसलं तरी पुढचं स्टेटमेंट उघडा. मागच्या स्टेटमेंटपासून पैसे पोहोचेपर्यंतच्या दिवसांचं व्याज त्यात येतं, आणि दहा-वीस डॉलरची ती रक्कम राहून गेली तर लेट फी लागते. ती भरा, पुढच्या स्टेटमेंटवरही शून्य आहे ना ते बघा, साठलेले रिवॉर्ड वापरून टाका. वार्षिक फी नसेल तर जुनं कार्ड बंद करू नका. त्याची मोकळी मर्यादा तुमच्या क्रेडिट स्कोअरला मदत करते. रोजच्या पाकिटातून मात्र ते काढून ठेवा आणि फोनमधल्या वॉलेटमधूनही.