तापाची साथ आणि विम्याची फाईल

तापाची साथ येण्याआधी घरच्या विम्याच्या कागदांची फाईल लावून ठेवायची, आणि ही तयारी मे महिना संपायच्या आत उरकायची. पाऊस लागला की खाडीपलीकडच्या वाडीतून तालुक्याला जाण्यात अर्धा दिवस मोडतो, आणि साथ असेल तर तिथली बँकेची वा विमा कंपनीची शाखा उघडी असेलच असं नाही.

घाई का, तर विम्याचा धंदा एका गृहीतावर चालतो. हप्ते पुष्कळांनी भरायचे आणि वाईट वेळ थोड्यांवर यायची. फ्लूची मोठी साथ मात्र रत्नागिरी, मुंबई आणि लंडनला एकाच हंगामात गाठते. १९१८ साली ती मुंबई बंदरातून देशात शिरली, तेव्हा वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसंही मोठ्या संख्येने गेली. आज टर्म प्लॅन, म्हणजे माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा विमा, घेतात ते हेच वय. अशा वेळी दावे एकदम येतात, दावे तपासणारे अंथरुणावर असतात आणि कंपनीचे पैसे ज्या बाजारात गुंतलेले तोही आपटलेला असतो. लगेच कंपनी बुडते असं नाही. पुनर्विमा (विमा कंपनीने स्वतःचा काढलेला विमा) आणि राखीव निधी त्यासाठीच असतात. पण ती हात आखडता घेते. करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर पुनर्विमा कंपन्यांनी दर चढवले, टर्म प्लॅन महागले आणि नुकत्याच बऱ्या झालेल्या माणसाला विमा कंपन्या नवी पॉलिसी देण्याआधी थांबायला सांगू लागल्या. म्हणून नवी पॉलिसी साथीच्या आधीच घ्यायची. आरोग्य विम्यात तसेही पहिले ३० दिवस आजाराचा खर्च मिळत नाही, फक्त अपघाताचा मिळतो.

मग बँकेचं पासबुक काढा. पंतप्रधान जीवन ज्योती विमा योजनेचे वर्षाचे ४३६ रुपये मे अखेरीला खात्यातून आपोआप कापले जातात. खात्यात तेवढी शिल्लक नसेल तर २ लाखांचं संरक्षण गुपचूप बंद होतं, आणि नव्याने नाव घातलं की पुन्हा पहिले ३० दिवस अपघात सोडून दुसऱ्या मृत्यूला पैसे नाहीत. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेच्या वर्षाच्या २० रुपयांवर इथे फार जण विसंबलेले दिसतात. ती निव्वळ अपघाताची आहे. मच्छीमारांचा अपघात विमाही तसाच. तापाने माणूस गेला तर त्यातून काही मिळत नाही.

नॉमिनीचं नाव आजच वाचून बघा. लग्नाआधी काढलेल्या पॉलिसीत आई असते, ती वारलेली असते, आणि बायकोला पॉलिसी आहे हेच ठाऊक नसतं. नॉमिनी अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं, मूल असेल तर त्याच्या वतीने पैसे घेणारं सज्ञान माणूसही नोंदवायला हवं. चाकरमान्यांना वेगळं विचारा: गावच्या आईवडिलांचा आरोग्य विमा मुलाच्या मुंबईतल्या नोकरीच्या ग्रुप पॉलिसीतून असेल, तर साथीत नोकरी गेली की तोही जातो. नोकरी सुटताना त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदलून मागता येतो, हे मुलाला आत्ताच सांगून ठेवा.

फाईलमधलं दवाखान्याचं पान सगळ्यात बारकाईने भरा. कॅशलेस सोय (बिल कंपनी परस्पर भरते ती) असलेलं सगळ्यात जवळचं रुग्णालय कोणतं, चिपळूण की थेट कोल्हापूर? पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा किती? मर्यादेवरची खोली घेतली तर बहुतेक पॉलिसींत डॉक्टरांच्या फीसारखं बाकीचं बिलही त्याच प्रमाणात कापलं जातं. मास्क, हातमोजे यांसारख्या किरकोळ वस्तूंचे पैसे अनेक पॉलिसी देत नाहीत. करोनात तेच बिल फुगलं होतं. खाट मिळत नाही म्हणून घरी उपचार घेतले तर चालतात का, हे कलम शोधून खूण करा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत, पण यादीतल्या आजारांना आणि यादीतल्याच रुग्णालयांत. शिवाय आपल्याकडे पावसात ताप म्हणजे लेप्टोही (उंदरांमुळे पसरणारा ताप) असू शकतो, सिंधुदुर्गात दोडामार्गाकडे माकडतापही. त्यामुळे कागदावर नुसतं ‘ताप’ नको, तपासणीचा अहवाल हवा.

धंद्याच्या बाबतीत मात्र मनाची तयारी ठेवलेली बरी. होमस्टेच्या विम्यात धंदा बुडाल्याची भरपाई असली तरी ती साधारणपणे इमारतीचं आगीने वा पुराने नुकसान झालं तरच मिळते. पाहुणे आले नाहीत म्हणून मिळत नाही. विम्बल्डनवाल्यांनी साथीचा वेगळा विमा घेतला होता, २०२० ची स्पर्धा रद्द झाली तेव्हा त्यांना पैसे मिळाले. हर्णैच्या चार खोल्यांना तो कोण देणार? आंब्याचंही तेच. फळपीक विमा अवकाळी पाऊस आणि तापमान मोजतो, वाशीच्या बाजारात पेट्या उचलणारं कोणी नाही हे मोजत नाही. त्या तोट्याला घरातली शिल्लक हाच विमा, ती आंब्याच्या पैशातूनच बाजूला काढा.

आणि दोन संकटं जोडीने येतात हे रायगडात वेगळं सांगायला नको. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा करोना चालूच होता. छप्पर उडालेलं, सुपारी आडवी, आणि सर्व्हेअरने (नुकसान मोजायला येणाऱ्या माणसाने) यायचं कसं? म्हणून घर, वाडी, होडी, इंजिनाचा नंबर यांचे फोटो आत्ताच काढून मुंबईतल्या नातेवाइकालाही पाठवून द्या. पत्र्यांची पावती जपा. नुकसान झालंच तर साफसफाईआधी फोटो, त्याच दिवशी कंपनीला कळवणं आणि दाव्याचा नंबर लिहून घेणं. रेंज गेली तर तो फोन मुंबईवाल्याने करायचा, त्यासाठी पॉलिसी नंबर त्याच्याकडेही असू द्या.