कॅराव्हॅन घेऊन मालवणला: किनाऱ्यावरची माणसं दिवसभर कशी पाहावीत

किनाऱ्यावर माणसं पाहायला तिकीट लागत नाही, पण तयारी लागते. भरती-ओहोटी, ऊन आणि बसायची जागा ही तीन गणितं चुकली की दिवसभर फक्त डोळ्यांवर ऊन आणि समोर गर्दीच्या पाठी, एवढंच पदरात पडतं. कोल्हापूरकरांना सोयीचा म्हणून इथे मालवणचा किनारा धरला आहे. चिवला असो वा तारकर्ली, रीत तीच.

दिवस तिथी बघून ठरवा

आधी कॅलेंडर काढा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. हा हिशेब मुंबईकडचा. मालवणात भरती त्याच्या साधारण तासभर आधी येते. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते आणि रोज ही वेळ पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते.

माणसं पाहायला उत्तम दिवस म्हणजे पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची प्रतिपदा आणि द्वितीया. त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास उधाणाची भरती असते, म्हणजे तुम्ही सावलीत जेवत असता तेव्हा. संध्याकाळी सहाच्या आसपास पाणी पार खाली जातं, ओली घट्ट वाळू उघडी पडते आणि किनारा मैदानासारखा होतो. क्रिकेट, सायकली, फिरायला निघालेली म्हातारी माणसं, सगळं त्या ओल्या पट्ट्यावर येतं. अष्टमीच्या आसपास गेलात तर संध्याकाळी पाणी वर चढलेलं असतं आणि सगळी गर्दी सुरूच्या झाडांपर्यंत दाटते. मग कोण काय करतंय ते नीट दिसत नाही.

गाडी नेणं आणि लावणं

कॅराव्हॅनला राधानगरी–दाजीपूर–फोंडाघाट–कणकवली–कसाल हा रस्ता घ्या. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. जड गाडीला पाच तास धरा. आदल्या दिवशी सकाळी निघा, कारण दाजीपूरच्या जंगलात अंधार पडला की गवे रस्त्यावर येतात. घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर सतत पाय ठेवला की तो तापतो, जळका वास येतो आणि पुढच्या वळणाला धरत नाही. निघण्यापूर्वी गॅस सिलिंडरचा कॉक बंद करा. गाडीची उंची मोजून स्टिअरिंगसमोर चिकटवून ठेवा. मालवणातल्या गडग्यांमधल्या (दगडी कुंपणांमधल्या) गल्ल्यांत वर विजेच्या तारा आणि फांद्या असतात, आणि तिथे गाडी मागे घेणं फार अवघड जातं.

वाळूवर गाडी घालू नका. वरून घट्ट दिसणारी वाळू कॅराव्हॅनच्या वजनाखाली बसते, चाक जागच्या जागी फिरतं, आणि भरती तुमच्यासाठी थांबत नाही. किनाऱ्याजवळच्या एखाद्या घरगुती निवासाच्या आवारात विचारून जागा घ्या. रात्री वीजजोडणीही मिळते. ती लागतेच: शंभर अँपिअर-तासाच्या साध्या बॅटरीतून निम्मीच वीज काढावी, आणि फ्रिज व पंखा मिळून ती एका दिवसात संपवतात. नारळाखाली गाडी लावू नका. पडलेला नारळ छताला पोचा पाडतो.

गाडीचं तोंड पूर्वेला ठेवा. आपल्याकडे दार डाव्या बाजूला असतं, म्हणजे ते उत्तरेला उघडतं. दुपारचं ऊन आत येत नाही, मागच्या खिडकीतून समुद्र दिसतो आणि निघताना गाडी वळवावी लागत नाही. दाराबाहेर ताणायच्या कापडी छत्रीचे खुंटे वाळूत टिकत नाहीत. वाळूने भरलेली पिशवी दीड फूट पुरून तिला दोरी बांधा, आणि तीनच्या सुमारास वारा वाढला की छत्री गुंडाळा.

सकाळ: रापण

पहाटे सहाला किनाऱ्यावर असा. पावसाळा संपल्यावर नशीब असेल तर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून केलेली मासेमारी, दिसेल. दिवसातलं सगळ्यात मोलाचं दृश्य हेच, त्यासाठी नाश्ता पुढे ढकला. दोराचं एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी अर्धवर्तुळात जाळं सोडत जाते आणि दुसरं टोक लांब अंतरावर किनाऱ्याला आणते. मग दोन रांगा दोन्ही दोर ओढत हळूहळू एकमेकांजवळ येतात. पाण्यावर बोयांची कमान दिसली की समजा, अजून वेळ आहे. तास-दीड तास सहज जातो.

इथे चेहऱ्यांपेक्षा पाय पाहा. टाच वाळूत रोवून शरीराचं वजन मागे टाकलं जातं. रांगेच्या शेवटचा माणूस दोर सोडून पाण्याकडे जातो आणि पुन्हा पुढून धरतो. म्हातारा रापणकर ओढत नसला तरी हाताने वेग सांगतो. जाळं जवळ आलं की आवाज बदलतात, घारी खाली येतात, पाट्या घेऊन बायका उभ्या राहतात आणि वाटे पडतात. दोर ओलांडू नका, दोन रांगांच्या मधे उभे राहू नका, बोलावल्याशिवाय हात लावू नका. ही त्यांची रोजीरोटी आहे.

बसायचं कुठे

सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी असतो, म्हणून समुद्राकडे तोंड करून बसा. पाण्यातून परतणाऱ्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ उजेड पडतो. चारनंतर तसंच बसलात तर सगळे काळे आकार दिसतील. तेव्हा खुर्ची वळवा, समुद्र डाव्या हाताला घ्या आणि किनाऱ्याच्या लांबीने पाहा. लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेपासून पंचवीस-तीस पावलं दूर, सुरूच्या सावलीत बसा. त्याहून जवळ बसलात की लोक सावध होतात. एकाच जागी तासभर हलायचं नाही. पहिली वीस मिनिटं लोक तुमच्याकडे पाहतात, मग विसरतात.

एक कुटुंब निवडा आणि ते आल्यापासून पाहा. पहिल्यांदा समुद्र पाहणारा माणूस ओल्या रेषेवर थांबतो, चप्पल हातात घेतो, पहिली लाट पायाखालची वाळू ओढते तेव्हा खाली बघतो. आजी आधी पाणी डोळ्यांना लावते. वहीत वेळ आणि हातांची हालचाल लिहा. त्यांच्या मनात काय चाललंय याचा अंदाज लिहू नका. कानही वापरा: ‘कुठं चाललाईस’ म्हणणारा आपला, ‘खंय चललंस’ म्हणणारा तिथला. निपाणीकडच्या गाड्यांतून कानडीही उतरते.

आंघोळ करणाऱ्या बायकांचे आणि मुलांचे फोटो काढायचे नाहीत, दुर्बीण त्यांच्याकडे वळवायची नाही. याला अपवाद नाही. कुणी तुमच्याकडे पाहिलं तर हसून मान हलवा आणि नजर काढा.

दुपारी बारा ते साडेतीन गाडीत. भाकरी, ठेचा, दही आणि कांदा पुरे. दोघांना दिवसाचं चाळीस लिटर पाणी धरा, पैकी पाच पिण्याचं वेगळं. समुद्रावरून आल्यावर पाय बाहेर धुवा. वाळू आत गेली की सरकत्या दाराची खाच अडकते.

रविवार असेल तर घाटावरची मंडळी तीननंतर परतीला लागतात. त्यानंतर किनारा स्थानिकांचा होतो, म्हणून जमल्यास सोमवारी सकाळी निघा. सूर्य बुडाला की उरलेले लोकही दहा मिनिटांत उठतात. तुम्ही अजून अर्धा तास बसा. जाळी आवरणारे, कुत्र्याला फिरवणारे, शिकवणी सुटून पाण्यापर्यंत धावत येणारी पोरं तेव्हा दिसतात. टॉर्च मात्र लावू नका. नोव्हेंबर ते मार्चमध्ये कोकण किनाऱ्यावर कासवं अंडी घालायला येतात आणि उजेड पाहून मागे फिरतात.