गावी राहून ऑफिसचं काम करायचंय? जागा निवडताना या चुका टाळा

डिसेंबरात कोकणातलं कुठलंही गाव आवडतं. हवा गार, पऱ्याला (ओढ्याला) अजून पाणी, विहीर भरलेली, वीज दिवसभर, फोनला सगळ्या काड्या. मीही २०२१ च्या डिसेंबरात देवरुखजवळची एक वाडी अशीच पाहिली. अंगणात उभं राहून ठाण्याला व्हिडिओ कॉल लावला, आईला फणसाचं झाड दाखवलं आणि फेब्रुवारीत सामानाचा टेम्पो घेऊन हजर झालो. त्यानंतरच्या दोन वर्षांत दोन घरं सोडली. दोन्ही वेळा घाई माझीच नडली.

अंगणातली रेंज बघून घर ठरवणं

काम अंगणात बसून होत नाही. माझं पहिलं घर जांभ्याचं, भिंती हातभर जाड. माकडांच्या त्रासाला कंटाळून मालकांनी कौलं उतरवून पत्रे घातले होते. कौलांतून सिग्नल बऱ्यापैकी आत येतो, पत्रा तो अडवतो. परिणाम असा की अंगणात चार काड्या, ओटीवर दोन आणि माजघरात फोन नुसता घड्याळ म्हणून वापरायचा. टेबल शेवटी पडवीत गेलं. जूनमध्ये पडवीत झड यायला लागली, तेव्हा लॅपटॉपच्या मागे पाट उभा करून मीटिंगा केल्या आहेत.

काड्यांवर विसंबू नका. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’खाली सिमच्या माहितीत सिग्नलचा आकडा डीबीएम या एककात दिसतो. तो उणे असतो. उणे ९० च्या आसपास असेल तर छान, उणे ११० च्या पलीकडे गेला तर मीटिंग तुटणार हे धरून चाला. हा आकडा टेबल जिथे ठेवणार तिथे, दारं-खिडक्या लावून बघा. मग तसाच रात्री आठ-नऊला बघा. दुपारी मोकळा असलेला टॉवर जेवणं आटोपल्यावर सगळ्या गावाचे फोन एकदम चालू झाले की दमतो, आयपीएलच्या दिवसांत तर जास्तच. आणि डाउनलोडच्या आकड्यावर खूश होऊ नका. मीटिंगमध्ये तुमचा आवाज आणि चेहरा जातो तो अपलोडवर. दोन्हीकडे ३-४ एमबीपीएस न तुटता मिळाले तर रोजचं काम निभतं. ४० दाखवून दर पाच मिनिटांनी शून्यावर येणारं नेट मात्र काही उपयोगाचं नाही.

पावसाळ्यात हाच आकडा आणखी खाली जातो. टॉवर आणि घर यांच्यामध्ये आंब्या-काजूची बाग असेल तर ओल्या पानांतून सिग्नल नीट येत नाही. म्हणून जागा जुलैत बघायला या. भिजायला होईल, पण खरं काय ते कळेल.

दोन कंपन्यांची सिमं घेतली की झालं, असं समजणं

मीही तेच समजत होतो. एक सिम बंद पडलं तर दुसरं. पहिल्याच वादळी पावसात दोन्ही एकदम गेली. दुसऱ्या दिवशी सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावर, चढून पाहिलं, तर दोन्ही कंपन्यांचे अँटेना एकाच टॉवरवर. त्याची वीज गेली, बॅटरी उतरली, खेळ खलास. तेव्हा वेगळी कंपनी बघू नका, वेगळा टॉवर बघा. दूरसंचार खात्याच्या ‘तरंग संचार’ संकेतस्थळावर आसपासचे टॉवर दिसतात. पण वाडीतल्या पोरांना विचारलं तरी ती बोट दाखवून सांगतात की ह्याची रेंज त्या डोंगरावरून येते आणि त्याची खाडीपलीकडून.

“गावात फायबर आलंय” एवढ्यावर निर्धास्त होणं

गावात म्हणजे नक्की कुठे? बऱ्याचदा ग्रामपंचायतीच्या कार्यालयात किंवा बाजारपेठेत. कोकणातलं गाव म्हणजे आठ-दहा वाड्या, आणि शेवटची वाडी दोन-तीन किलोमीटर लांब, मध्ये पऱ्या आणि पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट). तिथपर्यंत केबल ओढायची तर ती खांबांवरून आणि झाडांतून जाते. मग फांदी पडते, माकडं लोंबकळतात, गडग्याचे (दगडी कुंपणाचे) दगड वाहणारा ट्रॅक्टर ती ओढून नेतो. विचारायचा प्रश्न असा: तुमच्या वाडीत चालू असलेलं कनेक्शन कोणाकडे आहे, आणि गेल्या पावसात ते किती दिवस बंद होतं? ज्याच्याकडे आहे त्याच्या ओटीवर बसून चहा घ्या. तो खरं सांगतो, कारण त्याला तक्रार ऐकवायला नवा माणूस हवाच असतो.

बिघाड कुठे आहे हे कळलं तर निम्मा त्रास वाचतो. राउटरवर ‘लॉस’चा (LOS, म्हणजे सिग्नल तुटल्याचा) दिवा लाल झाला असेल तर बहुतेक वेळा केबल कुठेतरी तुटली आहे. राउटर दहा वेळा बंद-चालू करून काही होणार नाही, लाइनमनला फोन करा. तो दिवा बंद, बाकीचे हिरवे, तरी नेट नाही, तर अडचण बहुधा पुढे कंपनीच्या बाजूला आहे. आणि वाडीतली वीज गेल्यावर तुमचा राउटर इन्व्हर्टरवर चालू असूनही लाल दिवा लागत असेल, तर वाटेतल्या डब्यातल्या यंत्राला बॅकअप नाही. त्यावर घरी इलाज नाही. घर ठरवण्याआधी हे कनेक्शन असलेल्या माणसाला विचारून ठेवा.

विजेचं फक्त “लोडशेडिंग असतं का?” एवढंच विचारणं

याला सगळे “नाही हो” म्हणतात, आणि ते खोटं नसतं. लोडशेडिंग नसतं, वीज जाते. फांदी पडली, डीओ (खांबावरचा फ्यूज) उडाला, झंपर (दोन तारा जोडणारा तुकडा) निसटला, की वायरमन येईपर्यंत अंधार. एका वायरमनकडे कितीतरी वाड्या असतात आणि तुमची वाडी लाइनीच्या शेवटाला असेल तर पाळीही शेवटी येते. डीपी (वाडीचा ट्रान्सफॉर्मर) कुठे आहे, तिच्यावर किती घरं आहेत आणि संध्याकाळी पंपाला स्टार्टर धरतो का, म्हणजे विजेचा दाब पुरतो का, एवढं तरी विचाराच.

घाटावर जागा बघत असाल तर याहून मोठा प्रश्न आहे. घर गावठाणच्या फीडरवर (सबस्टेशनातून येणाऱ्या लाइनीवर) आहे की शेतीच्या? रानातलं टुमदार घर, भोवती ऊस, आणि मीटर शेतीच्या लाइनीवर, असं खूप ठिकाणी असतं. त्या फीडरला थ्री फेज वीज साधारण आठ तास, तीही बऱ्याच ठिकाणी आलटून पालटून दिवसा किंवा रात्री. विहिरीवरच्या मोटारीला ते चालतं, सोमवारच्या दहाच्या मीटिंगला नाही.

राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या. त्यावर राउटर तीन-चार तास चालतो आणि मोठा इन्व्हर्टर पंख्या-दिव्यांना उरतो. पण दोन दिवस वीजच आली नाही तर इन्व्हर्टर भरणार कशावर? ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा दापोली-मंडणगडकडच्या कित्येक वाड्यांनी आठवडेच्या आठवडे अंधारात काढले. असं रोज होत नाही, मान्य. तरी तालुक्याच्या गावी वीज असलेली एक खोली, ओळखीच्याचं दुकान, लायब्ररी, काहीतरी हाताशी ठेवा, आणि तिथे जायला अर्ध्या तासापेक्षा जास्त लागू नये.

रस्ता नकाशावर मोजणं

पावसात तो वेगळा मोजावा लागतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळुणात शिरलं आणि मुंबईकडचा रस्ता, रेल्वे, सगळं एकदम थांबलं. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक जूनच्या मध्यापासून लागतं, गाड्या सावकाश धावतात. महिन्यातून दोनदा ऑफिसात तोंड दाखवायचं असेल तर स्टेशनापासून वाडीपर्यंत रात्री अकराला रिक्षा येते का, मुक्कामाची एस्टी आहे का, हे बघा. एक्स्प्रेस कुठली थांबते ते नंतर. सर्पदंशावरचं औषध असलेलं जवळचं आरोग्य केंद्र कुठलं, हे मात्र आधी.

पाण्याबद्दल थोडक्यात: विहीर मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात वाकून बघा.

एका भावाशी बोलून घर घेणं

माझं दुसरं घर यात गेलं. जमीन विकत घेण्याच्या भानगडीत मी पडलो नव्हतो. शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, आणि सातबाऱ्यावर पंधरा नावं असली की वकीलही हात जोडतो. तेव्हा भाड्याने राहणं शहाणपणाचं, निदान एक मे, एक जुलै आणि एक भाद्रपद निघेपर्यंत. पण भाड्याचं घरही सामायिक असतं. किल्ली मला मालक भावांपैकी धाकट्याने दिली होती. ऑगस्टच्या अखेरीस लालबागहून थोरल्यांचा फोन आला.

“तुम्ही राहा हो, आमचं काही नाही. फक्त गणपतीला आम्ही बावीस माणसं येतो. तुमचं सामान माळ्यावर टाकलंत तर बरं.”

त्यांचं काही चुकलं नव्हतं. मखराची जागा वर्षानुवर्षं तीच, आणि नेमकं तिथे माझं टेबल. आता तिसऱ्या घराच्या करारात मी तिन्ही भावांच्या सह्या घेतल्या आहेत आणि गणपतीचे सात दिवस घर त्यांचं, हे त्यातच लिहिलं आहे. तसंही त्या दिवसांत चाकरमानी आले की टॉवरवर पाय ठेवायला जागा नसते. माझा रजेचा अर्ज जूनमध्येच गेलेला असतो.