नाशिकच्या उन्हाळ्यात गेमिंग पीसी थंड ठेवताना

एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो. खोली जितकी तापेल, साधारण तितकेच अंश प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डही चढतात. म्हणून आधी कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यातून बाहेर काढा, मागे वीतभर जागा सोडा.

पुढे १२० मिमीचे ३ पंखे हवा आत घेणारे, मागे १ बाहेर फेकणारा, एवढं बहुतेकांना पुरतं. पंख्याच्या ज्या बाजूला आडव्या पट्ट्या आणि स्टिकर असतो, तिकडून हवा बाहेर पडते. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. पेटती उदबत्ती पुढच्या जाळीपासून चार बोटं लांब धरून बघा. धूर आत ओढला गेला पाहिजे. आत येणारी हवा जास्त असली की फटींमधून धूळ कमी शिरते. अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतीकडे राहत असाल तर जाळी दर १५ दिवसांनी धुवा, पूर्ण वाळवूनच बसवा. ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर बेअरिंग खराब होऊ शकतं.

कॅबिनेटच्या छताला पुढच्या टोकाला बाहेर फेकणारा पंखा लावू नका. ताजी हवा प्रोसेसरच्या कूलरपर्यंत पोचण्याआधीच निघून जाते.

एवढं करूनही कार्ड ८५ अंशांवर जात असेल तर अंडरव्होल्ट करा, म्हणजे कार्डाला मिळणारा व्होल्टेज सॉफ्टवेअरमधून थोडा कमी करा. गेमच्या दर सेकंदाच्या फ्रेम फारशा घटत नाहीत, उष्णता मात्र बरीच उतरते.