एचआरव्ही मोजताना श्वासाचे काय करायचे?

मिनिटाला ६० ठोके पडतात म्हणून दर सेकंदाला बरोबर एक ठोका पडतो असे नाही. निरोगी हृदयात एक अंतर ९४० मिलिसेकंदांचे असते, तर पुढचे १०५०चे. या कमीजास्त होण्याला हार्ट रेट व्हेरिएबिलिटी, थोडक्यात एचआरव्ही म्हणतात. शांत बसलेले असताना हा आकडा सगळ्यात पटकन हलवणारी गोष्ट म्हणजे श्वास.

आधी यंत्र बाजूला ठेवा आणि मनगटावर नाडी धरा. सावकाश श्वास घ्या, सावकाश सोडा. घेताना ठोके जवळजवळ येतात, सोडताना लांबतात. जर्मन शरीरशास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी १८४७ मध्येच याची नोंद केली होती. हृदयाची गती आवरून धरणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा लगाम श्वास आत घेताना सैल पडतो आणि सोडताना पुन्हा आवळला जातो, हे त्यामागचे मुख्य कारण.

आता एक प्रयोग करा. तो केल्याशिवाय पुढचे नियम पटणार नाहीत. पाच मिनिटे नेहमीसारखा श्वास घेत मोजमाप करा. मग त्याच जागी, तसेच बसून, पाच सेकंद आत आणि पाच सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला ६ श्वास, अशी आणखी पाच मिनिटे. बहुतेकांचा दुसरा आकडा चांगलाच वर जातो. रक्तदाब सावरणाऱ्या यंत्रणेचीही लय साधारण दहा सेकंदांची असते. श्वास तिच्याशी जुळला की झोका योग्य क्षणी ढकलल्यासारखे होते आणि चढउतार मोठे होतात. पण या पाच मिनिटांत तुमची तब्येत सुधारलेली नाही, फक्त श्वास बदलला.

ॲप एलएफ-एचएफ गुणोत्तर, म्हणजे ठोक्यांच्या अंतरातल्या संथ (एलएफ) आणि जलद (एचएफ) चढउतारांचे प्रमाण, दाखवत असेल तर आणखी गंमत होते. एचएफ पट्टा ०.१५ ते ०.४० हर्ट्झचा, म्हणजे मिनिटाला ९ ते २४ श्वासांचा. श्वास ९ च्या खाली गेला की त्याचा ठसा एलएफ पट्ट्यात उमटतो, गुणोत्तर फुगते आणि निवांत बसलेल्या माणसाला ‘ताण वाढला’ असा निरोप मिळतो! मी तरी या गुणोत्तराकडे पाहणे सोडून दिले आहे. रोजच्या नोंदीला आरएमएसएसडी, म्हणजे ठोक्यांच्या लागोपाठच्या अंतरांमधल्या फरकांवरून काढलेला एचआरव्हीचा आकडा, बरा. श्वासाच्या वेगाने तो तुलनेने कमी बिघडतो, पण अगदी अलिप्त नसतो.

रोजच्या मोजमापासाठी सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, चहा-कॉफीच्या आधी बसा. बसून किंवा पडून, पण रोज तसेच. एक-दोन मिनिटे नुसते थांबा आणि मग सुरू करा. १९९६ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत अल्पकालीन नोंदीसाठी पाच मिनिटे सांगितली आहेत. त्या वेळात बोलू नका, श्वास रोखू नका. मोठा उसासा किंवा जांभई आली तर नोंद सरळ पुन्हा घ्या, कारण एका खोल श्वासानेही छोट्या नोंदीचा आकडा हलतो.

आणि श्वास मोजत बसू नका. लक्ष गेले की तो आपोआप बदलतो. ते जमतच नसेल तर ॲपमधला ठरावीक ताल लावा, उदाहरणार्थ मिनिटाला १२ श्वास. मात्र तालावरच्या नोंदी तालावरच्या नोंदींशीच ताडून पाहायच्या, नैसर्गिक श्वासाच्या नोंदींशी नाही. रोजच्या एकेका आकड्यापेक्षा सात दिवसांची सरासरी पाहा.

मोजायला छातीवर बांधायचा, ठोके टिपणारा पट्टा असेल तर उत्तम. घड्याळ वापरत असाल तर हात हलवू नका.

संथ श्वसनाचा सराव करायचा तर जरूर करा, पण मोजमाप उरकल्यावर. एचआरव्ही अचानक खूप वाढला आणि नाडी अगदीच बेताल लागत असेल, तर तो हृदयाच्या बिघडलेल्या तालाचाही परिणाम असू शकतो. अशा वेळी डॉक्टरांकडून ईसीजी काढून घ्या.