इंग्रजी शब्दसंग्रह वाढवायचाय? आधी हवामानाचा अंदाज वाचा

दापोलीत माझ्या संध्याकाळच्या वर्गाला कृषी विद्यापीठातली एम.एस्सी.ची मुलं येतात, तशीच हर्णैहून मर्चंट नेव्हीत जाऊ पाहणारी पोरंही येतात. दोघांचा पहिला प्रश्न एकच: "बाई, व्होकॅब्युलरीचं पुस्तक कुठलं घेऊ?" कुठलंच नको. 'लुगुब्रिअस', 'ऑब्स्ट्रेपरस' असले शब्द घोकून परीक्षेत एखादा गुण पदरात पडेल, पण एरवी वर्षभरात ते वाचनात भेटले तरी खूप. अडतं ते मधल्या थरात. 'डिराइव्ह', 'कन्स्ट्रेन', 'अ‍ॅम्बिग्युअस' हे शब्द बघून ओळखीचे वाटतात आणि लिहायला बसलं की हाताशी येत नाहीत.

या थराचा नकाशा तयार आहे. न्यूझीलंडच्या एव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली 'अकॅडेमिक वर्ड लिस्ट' प्रसिद्ध केली. तिच्यात ५७० शब्दकुळं आहेत. 'डिराइव्ह', 'डेरिव्हेटिव्ह', 'डेरिव्हेशन' हे सगळं मिळून एक कूळ. विषय कायद्याचा असो की शेतीचा, अभ्यासाच्या इंग्रजी मजकुरात दहातला साधारण एक शब्द या यादीतला निघतो. नेटवर ती फुकट मिळते. पाठ करू नका. पेन्सिल घेऊन ज्या शब्दाचं वाक्य चटकन सुचत नाही त्यावर फक्त खूण करा.

मग वाचन. विषय एकच धरा आणि काही महिने सोडू नका, म्हणजे तेच शब्द फिरून फिरून समोर येतात. आज क्रिकेट, उद्या शेअर बाजार, परवा अमेरिकेची निवडणूक असं केलं की प्रत्येक शब्द एकदाच भेटतो आणि निघून जातो. माझ्या वर्गात सुरुवात हवामान खात्याच्या इंग्रजी बुलेटिनपासून होते. पावसाळ्यात ते किनाऱ्यावर सगळेच बघतात, आणि त्यात एकही शब्द उगाच नसतो. 'हेवी' म्हणजे चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे, 'व्हेरी हेवी' ११५.६ पासून, आणि २०४.४ च्या वर गेला की 'एक्स्ट्रीमली हेवी'. पाऊस किती ठिकाणी पडणार त्याचीही उतरंड आहे: 'आयसोलेटेड', 'स्कॅटर्ड', 'फेअरली वाइडस्प्रेड', 'वाइडस्प्रेड'. शब्दाला माप असतं हे एकदा कळलं की 'व्हेरी व्हेरी गुड' लिहिणारा पोरगा आपोआप थांबतो. त्याच बुलेटिनात मच्छीमारांना समुद्रात 'नॉट टू व्हेंचर' असं बजावलेलं असतं. 'गो' का नाही, धोका पत्करून जाण्याचं 'व्हेंचर' का? बोटीवाल्याच्या मुलाला हे समजावून सांगावं लागत नाही.

शब्द वहीत एकटा उतरवू नका, त्याच्या सोबत्यांसकट उतरवा. आपण जोराचा वारा म्हणतो, जोराचा पाऊसही म्हणतो. म्हणून मुलं सरसकट 'स्ट्राँग रेन' लिहितात. इंग्रजीत वारा 'स्ट्राँग', पाऊस 'हेवी', समुद्र 'रफ', आणि नुकसान 'सिव्हिअर'. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. त्याच्या इंग्रजी बातम्या काढून बघा. वादळ 'हिट' करतं, तसंच 'मेक लँडफॉल'ही करतं. 'डू लँडफॉल' कोणी म्हणत नाही. वहीत उजवीकडे असे सोबती, खाली वाचलेलं वाक्य जसंच्या तसं, आणि त्याखाली आपल्या गावातलं, आपलं स्वतःचं वाक्य. मराठी अर्थ लिहायला माझी हरकत नाही, पण तेवढ्यावर थांबू नका. शब्दकोश शिकणाऱ्यांसाठी केलेला घ्या. कोलिन्स कोबिल्डमध्ये अर्थच पूर्ण वाक्यात दिलेला असतो, त्यामुळे शब्द कसा चालवायचा तेही कळतं.

एक गोष्ट आपल्याला शाळेतच मिळालेली आहे, ती म्हणजे संधी. उत् + लेख = उल्लेख हे ज्याने सोडवलंय, त्याला 'इन' आणि 'लीगल' मिळून 'इल्लीगल' का होतं हे सांगायला नको. आता लॅटिनमधला 'रोडेरे' घ्या, म्हणजे कुरतडणे. 'कॉन' लागून, 'न'चा 'र' होऊन 'कोरोड' झालं. स्पेलिंगमध्ये दोन 'आर' आले ते यामुळेच. 'एक्स' लागून, त्यातला 'क्स' गळून 'इरोड' झालं. खाऱ्या हवेने खिडकीच्या गजाला लागतो तो गंज 'कोरोजन', लाटांनी होते ती किनाऱ्याची धूप 'इरोजन', आणि माळ्यावर सुपाऱ्या कुरतडतो तो 'रोडंट'. एकाच धातूत तीन शब्द आले, शिवाय 'कोरोसिव्ह' आणि 'इरोसिव्ह' वर. मात्र धातूवरून केलेला अंदाज शब्दकोशात पडताळाच, कारण अर्थ शतकानुशतकं वाहत कुठच्या कुठे गेलेले असतात.

उजळणीचं थोडक्यात. विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. मे महिन्यात घरात लग्नपत्रिकांचा ढीग साठतो, त्यांच्या कोऱ्या बाजूंची कार्डं कापा. पुढे गाळलेल्या जागेचं वाक्य, मागे शब्द. ती ठेवायला एका डब्यात उजळणीच्या टप्प्यागणिक एक कप्पा करा. आठवला तर कार्ड पुढच्या कप्प्यात, नाही तर परत पहिल्यात. नुसतं वाचून मान डोलावली ती उजळणी नव्हे. कार्ड उलटण्याआधी शब्द तोंडातून बाहेर पडला पाहिजे. दिवसाला चार-पाच नवे शब्द पुष्कळ झाले. उच्चारही तेव्हाच बसवा: 'सटल'मधला 'बी' आणि 'रिसीट'मधला 'पी' मुके आहेत, आणि पुढच्या मुलाखतीत ते बोलके झाले तर समोरच्याला लगेच कळतं.

नव्या शब्दांची हौस नोकरीच्या अर्जात भागवू नका. जहाजाच्या एजंटला 'आय अ‍ॅम इन रिसीट ऑफ युअर एस्टीम्ड कम्युनिकेशन' लिहिण्यापेक्षा 'आय हॅव रिसीव्ह्ड युअर लेटर' लिहा. हौस आपसांत भागवावी. आमच्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज रात्री प्रत्येकाने दिवसभरात खरंच घडलेल्या गोष्टीचं एक वाक्य टाकायचं, आठवड्यातला एक नवा शब्द वापरून. चुकलं तर दुसऱ्याने सुधारायचं. मी फक्त वाद लागला तरच मध्ये पडते.